चार बोटं उंच जीप

आमच्या घरात कुठलीही गोष्ट सरळ होत नसे, आधी तिची कोर्टासारखी पेशी लागायची. बाबा तहसिलीतून गिरदावर, म्हणजे जमीन-महसुलाचे सर्कल इन्स्पेक्टर, म्हणून रिटायर झाले होते, पण गिरदावरी काही त्यांच्या अंगातून रिटायर झाली नव्हती. मुळ्याची भाजी करायची की मेथीची, यातसुद्धा दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय फैसला होत नसे. त्यामुळे जीप चार बोटं वर उचलायचं निघालं, तेव्हाच मी ओळखलं की आता आमची दिवाळी जीपखाली जाणार. मी आदिलाबादला शाळेत गणित शिकवायचे आणि घरी येऊन या माणसांना जेवायला वाढायचे. यांच्यापेक्षा आठवीची पोरं बरी, निदान घंटा झाली की गप्प बसायची.

जीप सरकारी लिलावातली. कुठल्याशा खात्यानं तिचा जीव काढून घेतला आणि मग ती बाबांना विकली. डिझेलवर चालायची, आवाज पिठाच्या गिरणीसारखा करायची, आणि तिच्या खालचे लोखंडी पाटे, ज्यांच्या कमानीवर गाडी उभी असते, ते साहेब लोकांच्या वजनानं पार सपाट झालेले. शहरात त्यानं काही अडत नव्हतं. अडलं ते आत्यामुळे.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, बाजारहत्नूरच्या पुढं नाल्यापलीकडच्या खेड्यात दिलेली. तिच्या पोरीच्या लग्नात बाबा मामा. मामाला शालजोडी द्यायची, पाटावर बसवायचं, हा मान. आत्याच्या यजमानांनी बाबांच्या हातात टॉवेल-टोपी ठेवली, तीही सगळ्या पाहुण्यांना वाटत होते त्याच गठ्ठ्यातली. बाबा पंगतीतून उठले आणि उपाशी घरी आले. तेव्हापासून भाऊबीज बंद. आई होती तोवर ती मध्ये पडून निरोप तरी पोचवायची. आई गेली आणि तेही थांबलं.

जीप उचलायचं निघालं त्या वर्षी दसरा झाल्यावर आत्याचा निरोप आला, बाजाराला आलेल्या माणसाच्या तोंडी. "भावाले सांग, डोळ्यानं कमी दिसून राह्यलं. तुझं तोंड दिसते तवरक ये."

निरोप ऐकून बाबा ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "भाऊबीजेला जातो." मला इतकं बरं वाटलं की मी चहात दुप्पट साखर टाकली. पण बाबांचं 'जातो' म्हणजे जाणं नव्हे, ती नुसती दरख्वास्त दाखल झाली होती.

कारण वाटेत नाला. नाल्याला कार्तिकातही पाणी, दोन्ही अंगाला गाळ, आणि उतारावर मधोमध एक काळा दगड. चाकं दोन्हीकडून न्यायची आणि दगड पोटाखालून काढायचा, एवढीच वाट. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, पाटबंधारे खात्यात. तो आधी रिकामी जीप घेऊन पाहून आला. दगडानं पोटाखालचा गिअरबॉक्स असा खरवडला की जीप घरापर्यंत तेल सांडत आली.

मी म्हटलं, "दगडच काढून टाका की. दोन पहारींचं काम."

दादानं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी घरातला देव्हारा उचलून ठेवायला सांगितला होता. दगडाला शेंदूर लागलेला. गावाची समजूत, तो आहे म्हणून नाला गावात शिरत नाही. पाटबंधारे खात्याच्या माणसालासुद्धा ते पटलेलं दिसलं. देव हलवता येत नाही, म्हणून जीप उचलायची.

"मग बैलगाडी घ्या ना बाबा," मी म्हटलं. "नाल्यावर पाठवतो म्हणाले आहेत आत्याचे यजमान."

"काऊन? त्यायच्या गाडीत बसून त्यायच्याच दारात जाऊ? मंग टॉवेल-टोपी काय वाईट होती?"

इथं वाद संपला. गुडघे गेलेले, सत्तरीला टेकलेला हा माणूस नाल्यातून पायी जाऊ शकत नव्हता आणि बैलगाडीतून जाणार नव्हता. आत्याचे डोळे काही याची पेशी संपेपर्यंत थांबणार नव्हते. हे मी बोलूनही दाखवलं. "तू गप बस," असं दोघांनी एकदम म्हटलं. तेवढ्याबाबतीत त्यांचं नेहमी एकमत.

आता जीप उचलायची कशी? बसस्टँडमागचा मिस्त्री म्हणाला, "साब, शॅकल लंबा कर देते. सस्ता काम." शॅकल म्हणजे पाट्याचं टोक ज्यात लटकतं ती लोखंडी पट्टी. ती लांब केली की गाडी वर जाते. पण दादाच्या मते तसं केलं की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि जीप दारुड्यासारखी चालते. दुसरा म्हणाला, मोठे टायर घाला. ते घातले तर वळताना मडगार्डला घासणार. तिसऱ्यानं ट्रकचा जुना पाटा प्रत्येक चाकावर वाढवायला सांगितलं. त्यानं जीप उचलली जाते खरी, पण इतकी ताठ होते की आतल्या माणसाचे मणके मोजून घ्यावेत. भैंसा गावात कापसाचे ट्रक जिथं पाटे दुरुस्त करून घेत, तिथल्या लोहाराकडंही दादा जाऊन आला. त्याचं म्हणणं, नवीन काही नको, आहेत तेच पाटे भट्टीत तापवून ठोकून कमान चढवतो. किती दिवस टिकेल विचारलं, तर म्हणाला, "देवाच्या मर्जीवर." एकूण काय, ज्याच्या दुकानात जे पडून होतं तेच आमच्या जीपला पाहिजे होतं.

बाबांनी सगळ्यांचे जबाब ओट्यावर घेतले. मिस्त्री येऊन चहा पिऊन जायचे, चहा मी करायचे. शेवटी फैसला झाला तो तडजोडीचा: पाटे तापवून कमान चढवायची, आणि मागं तेवढा एक पाटा वाढवायचा. कोणाचंच पूर्ण ऐकलं नाही, त्यामुळे न्याय झाल्यासारखं बाबांना वाटलं.

काम झालं. मग पडताळणी. दादा नाल्यावर जाऊन त्या देवाच्या उंचीची काठी तोडून घेऊन आला होता. ती जीपखाली उभी धरायची. पण रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं? म्हणून मागं ज्वारीची पोती, पोत्यांवर मी, पुढं बाबा टोपी घालून, भाऊबीजेला बसणार होते तसेच. पोती असताना मी कशाला, असं विचारलं तर दादा म्हणाला, "पोती हलत नाहीत, तू हलतेस." गल्लीतले लोक बघत होते. काठी गिअरबॉक्सखालून बोटभर अंतर राखून इकडून तिकडं गेली. बाबांनी ती पुन्हा न्यायला सांगितली, पुन्हा गेली. दगडाचं माप झालं, पोत्यांचं झालं, माझंही झालं.

आणि कौतुकाची गोष्ट अशी की उंच झालेली जीप आमच्या ओट्याच्या बरोबरीला आली. आधी ओट्यावरून जीपमध्ये खाली पाऊल टाकावं लागायचं, त्यात बाबांचा गुडघा कळ द्यायचा. आता ते घरातून चालत यावं तसे सरळ आत जाऊन बसायचे. जीप उचलून गुडघ्याचाही इलाज झाला, असं दादा चारचौघांत सांगत सुटला.

भाऊबीजेला सकाळीच निघालो. नाल्यावर दादानं गाडी थांबवली, देवाला हात जोडले आणि पहिल्या गिअरमध्ये उतरवली. मी मागं फराळाचा डबा पोटाशी धरून बसले होते. खालून काहीच आवाज आला नाही. दगड पोटाखालून गेला आणि आम्ही पलीकडं चढलो. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा समोर बघत म्हणाले, "पाह्यलं?" जसं काही त्यांनीच जीप डोक्यावर घेऊन नाला ओलांडला होता.

आत्याच्या दारापुढचं अंगण सारवलेलं, सपाट, तळहातासारखं. ओटा नाही, पायरी नाही. आत्या दारात उभी, तिचे यजमान, मुलगे, सुना, शेजारपाजार, सगळे हजर. जीप अंगणात थांबली. बाबांनी टोपी नीट केली, दार उघडलं आणि एक पाय बाहेर काढला.

पाय हवेतच राहिला. त्यांनी तो थोडा खाली सोडून पाहिला, तरी जमीन लागेना. पूर्वी ते बसल्या बसल्या टाच टेकवून उतरत. आता जमीन चार बोटं खाली गेली होती, आणि त्यांचा गुडघा तेवढंही ऐकायला तयार नव्हता. त्यांनी पाय आत घेतला, दुसरा काढून पाहिला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मला दादाचा इतका राग आला की ती काठी हातात असती तर तिथंच वापरली असती.

आत्याचा मुलगा स्टूल घेऊन धावला. दोघंजण उचलून घ्यायला पुढं आले.

"हात नका लावू," बाबा म्हणाले. "मी काय सर्कशीतला हत्ती हाव, स्टुलावर पाय ठेवाले? मी इथंच बरा आहे." मग दादाला म्हणाले, "गाडी फिरव."

दादानं खरंच किल्लीला हात घातला. इतकं सगळं करून आम्ही पुन्हा उपाशीच परत निघालो होतो.

तेवढ्यात आत्या ताट घेऊन जीपजवळ आली. एका हातानं पत्रा चाचपत चाचपत दारापाशी पोचली. निरांजन वर धरलं, पण ती ठेंगणी, हात बाबांच्या छातीपर्यंतच पोचला. ती मान वर करून बघत राहिली. "दिसत नाही रे," ती म्हणाली. "खाली वाक."

बाबा वाकले. एका हातानं वरचा दांडा धरून, कमरेतून पार खाली, तिच्या तोंडाजवळ तोंड येईपर्यंत. तिनं निरांजनाच्या उजेडात त्यांना बघून घेतलं, कपाळ, नाक, गालावरचे खुंट. मग कुंकू लावलं, ओवाळलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरं केलं भाऊ, गाडी वर उचलली थे. खाली असती त उतरला असता, कोनी कुठं बसवलं थे पाह्यलं असतं, अन् रुसून निंगाला असता. आता बस इथंच. इथून कुठं जातं तू, पाह्यते मी."

तिनं दादाला हात पुढं करायला सांगितला आणि किल्ली काढून घेतली.

अंगणात पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. मला वाटतं तिचे यजमानच. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी गाडी फिरवायला पुन्हा सांगितलंही नाही. त्यांचं ताट जीपमध्येच आलं. आत्या त्या नाकारलेल्या स्टुलावर दाराला लागून बसली, आणि दिवस कलेपर्यंत दोघं बोलत होते. तिला ऐकायलाही कमी येत असावं, कारण बाबा सारखे खाली वाकत होते. मी इतकं बोलताना त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली. मी तेल चोळून देत होते आणि दादा अपराध्यासारखा दारात उभा.

"बाबा, मागचा पाटा काढून टाकतो," तो म्हणाला. "गाडी जरा खाली येईल. पुढच्या भाऊबीजेला उतरता येईल तुम्हाला."

"राहू दे," बाबा उशीत तोंड घालून म्हणाले. "उतरलो की मी भांडतो."