कोरी चिठ्ठी

दिल्लीतलं सरकार किती मतांवर तरलं आहे, हे त्या काळी मला तोंडपाठ असे. सुरतेजवळ भेस्तानच्या एका कारखान्यात मी संचे चालवायचो, म्हणजे यंत्रमाग. पण आमच्या खात्यात माझी ओळख पेपरवाला म्हणूनच होती. दिवसाची पाळी सुटली की टपरीवर बसायचं, मराठी पेपर मांडीवर पसरायचा आणि खानदेशातून आलेल्या आठ-दहा जणांना लोकसभेचं गणित शिकवायचं. बहुमत नसताना पाच वर्षं रेटून नेलेलं सरकार, तेरा दिवसांत गुंडाळलेलं सरकार, बाहेरून टेकू देणाऱ्यांनी टेकू काढला म्हणून बसलेली सरकारं. नव्वदच्या दशकात दिल्लीनं मला विषय कधी कमी पडू दिला नाही. लोक कान देऊन ऐकत, आणि मला ते फार आवडे.

सगळ्यात मन लावून ऐकायचा तो माझा जोडीदार. त्याचे संचे माझ्या संच्यांना लागून होते. मी जेवायला गेलो की माझे तो बघायचा, तो गेला की त्याचे मी. गाव माझ्याच तालुक्यातलं, बोली तीच, फक्त घर बौद्ध. नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये दोनशे एकोणसत्तर विरुद्ध दोनशे सत्तर असं होऊन सरकार पडलं, तेव्हा टपरीवरच्या टीव्हीसमोर तो माझ्या शेजारीच उभा होता.

"एक मतवरून सरकार पडस का भाऊ?" त्यानं विचारलं.

"पडतं," मी म्हणालो. "म्हणून तर एकेकाला सांभाळावं लागतं. आणि कधी कधी विरोधात न जाता नुसतं तटस्थ राहूनही काम होतं. पाप नको, पुण्य नको."

किती ऐटीत बोललो होतो मी!

पुढच्याच महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या मंडळाचा एक हॉल होता, खानदेशी मंडळींनी सुट्टीच्या दिवशी अंगमेहनत करून बांधलेला. स्लॅब पडला त्या दिवशी जोडीदारानं सकाळपासून घमेली वाहिली होती. पण हॉल सभासदांसाठी, आणि त्याला कुणी सभासद करून घेतलं नव्हतं. का, ते कुणी बोलून दाखवत नसे, पण कळत सगळ्यांना होतं. त्यानं अर्ज दिला : मला सभासद करा आणि लग्नाला हॉल द्या. अर्ज अकरा जणांच्या कमिटीपुढे आला. त्या अकरांत मी होतो.

आमच्याकडे मतदान चिठ्ठीवर व्हायचं. कमिटीत काहींना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांचं अक्षर ओळखू आलं तर भांडणं व्हायची. म्हणून सगळ्यांनीच 'हो'साठी उभी रेघ मारायची आणि 'नाही'साठी फुली. एकच पेन, खिळ्याला दोरीनं बांधलेलं. एकेकानं भिंतीकडे तोंड करून चिठ्ठी करायची आणि डब्यात टाकायची. सम-सम झालं तर ठराव पडला.

मला फुली मारायची नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण कमिटीत विरोधात असलेल्या एका घरी माझ्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं. मी मनात आकडा लावला : माझ्याशिवाय बाजूनं सहा नक्की. मग माझी रेघ हवी कशाला? उद्या कुणी बहिणीची आण घालून विचारलं, तर रेघ मारली नाही असं सांगायला तोंड राहील. आपल्याच हुशारीवर खूश होऊन मी चिठ्ठी कोरी घडी केली आणि डब्यात टाकली.

अध्यक्षांनी चिठ्ठ्या सतरंजीवर उघडल्या. पाच रेघा, पाच फुल्या, एक कोरी. माझ्या सहांतला एक जण फिरला होता.

कोरी चिठ्ठी हातात घेऊन अध्यक्षांनी पाहिलं ते आबांकडे. आबा आमच्यात सगळ्यात वडील. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप, आणि पेन तर असं की दोनदा झटकल्याशिवाय उमटायचं नाही. कुणीतरी हसलं. "आबांचं पेन चाललं नाही वाटतं."

"मी रेघ मारी, उभी रेघ," आबा म्हणाले. "पुन्हा द्या, पुन्हा मारस."

विरोधातले गलका करायला लागले. चिठ्ठी पडली की पडली, पुन्हा कसली? अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही जाणकार. दिल्लीत काय करतात?"

दिल्लीत चुकीचं बटण दाबलं गेलं, तर खासदाराला चिठ्ठी देऊन मत दुरुस्त करता येतं. मी हे स्वतः टपरीवर सांगितलं होतं. तेवढंच सांगितलं असतं, तर आबांनी पुन्हा रेघ मारली असती आणि हॉल मिळाला असता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, चिठ्ठीची चर्चा लांबली तर माझ्यावरच येईल. मी म्हणालो, "एकदा मोजलं की संपलं. नियम म्हणजे नियम."

ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जोडीदार माझ्याजवळ आला. संच्यांच्या खडखडाटात त्याला कानाशी येऊन बोलावं लागलं. "माले माहीत शे," तो म्हणाला, "तुनी रेघच व्हती." मी तुटलेला धागा जोडत होतो. जोडून झाला, तरी मी मान वर केली नाही.

लग्न त्यानं चाळीच्या मोकळ्या जागेत ठरवलं, मे महिन्याच्या भर उन्हात, भाड्याच्या मांडवाखाली. पहिली पत्रिका माझ्या घरी आली. आबांना पत्रिका गेली नाही. आबांनी मुद्दाम पेन टेकवलं नाही, वयाचं निमित्त करून अंग काढून घेतलं, असं तोवर चाळभर झालं होतं. मी ते ऐकत होतो आणि एकदाही तोंड उघडत नव्हतो. मनात म्हणायचो, लग्न होऊ दे, मग सांगू. बहिणीचं जमू दे, मग सांगू.

लग्नाला चार दिवस असताना आबा काठी टेकत माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी.

"तू शिकेल माणूस शे," ते म्हणाले. "खरं सांग. माले तर वाटस मी रेघ मारी. पण डोळाले दिसत नही. पेन उमटनं नही व्हई का?"

खरं सांगायला त्याहून सोपी वेळ माझ्या आयुष्यात आली नसेल. खोलीत आम्ही दोघंच होतो. म्हाताऱ्याला राग नव्हता, त्याला फक्त स्वतःवर विश्वास ठेवता यावा एवढंच हवं होतं.

मी म्हणालो, "असेल आबा. त्या पेनाचा काय भरवसा."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले, चल, त्याच्या घरी जाऊ, मला एकट्याला लाज वाटते. मी त्यांचा हात धरून त्यांना जोडीदाराच्या खोलीवर नेलं. वाटेत दोनदा ते थांबले, आणि दोन्ही वेळा मी त्यांची काठी सावरून दिली. दारातच त्यांनी जोडीदारापुढे हात जोडले. "चूक मनी व्हयनी, पोरा. रेघ उमटनी नही."

जोडीदाराचे डोळे भरून आले. त्यानं वाकून आबांच्या पायांना हात लावला, मुलीला हाक मारून पत्रिका आणायला सांगितली. मग आबांना समजावून आणल्याबद्दल त्यानं माझेही आभार मानले, आणि मी ते घेतले.