शवासनातली टूं-टूं

नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात मी जन्मभर कंट्रोल रूम सांभाळली. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे मी सांगायचो आणि लोक ऐकायचे. घरी मात्र टीव्हीचा रिमोट बायकोकडे असतो. माझ्या हातात आला की पडद्यावर भलत्याच भाषेतल्या सूचना येतात.

मध्यंतरी एका रविवारी सकाळी मला आमच्या पहिल्या कॉम्प्युटरची आठवण झाली. लग्नानंतर बडोद्यात बिऱ्हाड केलं तेव्हा तो घेतला होता. त्यावर एक गेम होता. चौकोनी डोक्याचा माणूस खाणीत उतरून हिरे गोळा करायचा आणि डब्यातल्या इवल्याशा स्पीकरमधून सतत टूं-टूं-टिडिंग वाजायचं. ते संगीत पुन्हा ऐकल्याशिवाय चैन पडेना.

लॅपटॉप उघडून शोधलं, तर इंटरनेटवर तो गेम सापडला. पण आधी मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करायचं होतं. चित्रातले सिग्नल निवडा, असा हुकूम आला.

"अगं, सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा का?" मी स्वयंपाकघराकडे बघत विचारलं.

"तुम्ही इंजिनिअर ना?" बायको म्हणाली.

दोनतीनदा नापास होऊन एकदाचा माणूस ठरलो. गेम सुरू झाला, पण आवाज नाही. मी आवाज वाढवत शेवटपर्यंत नेला. मग खिडकीतून कुठूनतरी लांबून तीच धून ऐकू आली. आपली स्मरणशक्ती किती तल्लख आहे, असं वाटून मी क्षणभर भारावलो.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बेन दारात उभ्या होत्या, काखेत योगासनांची चटई.

"काका, नीचे जे वागे छे, ए तमारुं छे?" खाली वाजतंय ते तुमचं का, असं त्या विचारत होत्या.

"ना," मी म्हणालो. मग जरा ऐकून, "हा."

गेल्या नवरात्रात गरब्यासाठी सोसायटीच्या मोठ्या स्पीकरला माझाच लॅपटॉप ब्लूटूथने जोडला होता. लॅपटॉपने ती ओळख जपली होती. तो स्पीकर खालच्या हॉलमध्ये होता. तिथे बायकांचा योगवर्ग चालू होता आणि त्या सगळ्या शवासनात होत्या.

मी घाईघाईने एक बटण दाबलं. आवाज थांबला नाही, पण चौकोनी माणूस खड्ड्यात पडून मेला आणि त्याच्या मरणाची रडकी धूनही खाली पोचली. दुसरं बटण दाबलं, तो पुन्हा मेला. बेननी चटई या काखेतून त्या काखेत घेतली.

शेवटी बायको हात पुसत आली. तिने कोपऱ्यातलं ब्लूटूथचं चिन्ह दाबलं आणि खालची खाण बंद झाली. बेनची माफी मागून तिने दार लावलं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण ती लॅपटॉपपुढे बसली.

"इथे डावीकडे उडी मारायची असते. तुम्हाला तेव्हाही जमत नव्हतं."

मला तर आठवत होतं की तो गेम मीच खेळायचो. ती भराभर हिरे वेचत सुटली तेव्हा हळूहळू खरं आठवलं. संध्याकाळी ती खेळायची, मी शेजारी बसून सल्ले द्यायचो. आता लॅपटॉपमधूनच टूं-टूं येत होती, आणि खरं सांगायचं तर ती धून फार कर्कश होती.

"मला एकदा दे ना," मी म्हणालो.

"हा डाव संपू दे," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तोवर चहा टाका."

मी उठून चहा टाकला.