वास घ्यायला दुसरं नाक लागतं

मित्रहो, आज दुपारी थळच्या घरी एकटाच हॉर्सरॅडिश किसत बसलो होतो. मुळ्यासारखं दिसणारं हे मूळ माझ्या लेकीनं परदेशातून आणलं. "बाबा, नाकात झणका गेला की व्हिनेगर घाला. आईच्या फेसलेल्या मोहरीसारखं लागेल," असं सांगून ती काल परत गेली.

पण किसता किसता माझं नाकच बधिर झालं. झणका पुरेसा झाला का, कळेना आणि घरात विचारायला कुणी नाही.

शेवटी वाटी घेऊन दारात गेलो. मासळी घेऊन आलेल्या शेवंताबाईंनी हुंगलं आणि मान मागे झटकली. "झाला हाय की सर! आनखी किती झोंबाया पायजे?"

लोणच्याची मोहरी फेसताना माझी बायको दर वर्षी हाक मारायची, "अहो, जरा वास घ्या ना." मी समतेवरच्या भाषणाची टिपणं काढत जागेवरूनच ओरडायचो, "झाली, झाली!" तिचंही नाक बधिर होत असणार, हे आज कळलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

सभांमधून मी तुम्हाला खूप काही सांगत आलो. आज एवढंच सांगतो. घरात कुणी वाटी पुढे केली, तर उठा.