पाहुण्यांचं नाक

उरलेला भात आंबला की मला आमचं मोहाडीचं घर आठवतं. तिथे माग होता, आणि सुताला लावायच्या भाताच्या खळीचा आंबूस वास भिंतींतच मुरला होता.

आणीबाणी उठली त्या वर्षी ताईला पाहायला भंडाऱ्याचे एक प्राध्यापक आले. साखर मागतानाही ते अध्यक्षीय समारोप केल्यासारखे बोलत. मागाकडे पाहून त्यांनी नाकपुड्या किंचित आवळल्या, रुमाल काढला आणि मंद हसले. बोलले काहीच नाहीत.

ताईने त्यांच्यापुढची पोह्यांची बशी उचलली.

"तुमाले वासाचा तरास होऊन राहिला. खाऊ नका."

पाहुणे तडक उठून गेले. मी चिडलो. "काहून असं केलं? तो काही बोलला तरी का?"

पुढे कोशात एक प्राचीन ग्रीक शब्द सापडला: मुक्तेरिस्मोस. तोंड न उघडता नाकाने केलेली टवाळी. म्हणजे गृहस्थ बरंच बोलले होते, आणि ते फक्त ताईला ऐकू आलं होतं.

त्या दिवशी स्थळ तर हातचं गेलं होतं. बाबांनी तीच बशी ओढली आणि सावकाश संपवली.

"मीठ बराबर हाय, पोरी," ते म्हणाले, आणि मागावर जाऊन बसले.