मूळ की हायड्रा

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला शिपाई म्हणजे हायड्रामामा. खरं नाव पगारपत्रकात असेल बापडं. तीस वर्षं प्रात्यक्षिक परीक्षेला जिवंत हायड्रा पुरवला तो यानेच. तळ्यातून पाणवनस्पतींसकट बरणीभर पाणी आणायचं आणि बरणी खिडकीत ठेवायची. दोन दिवसांत हायड्रा उजेडाच्या बाजूला काचेला चिकटतात. दिसायला काय, तर तुटका दोरा, नाहीतर पाणवनस्पतीचं बारीक मूळ! पण टिचकी मारली की आखडून ठिपका होतो. मूळ आखडत नाही, प्राणी आखडतो. एवढं सोपं, पण पोरांना दरवर्षी पहिल्यापासून सांगा.

यंदा मामा पार थकला होता. गुडघे कुरकुरत होते ते सोडा, वर्षभर डोळ्यांपुढे धुकं होतं. मोतीबिंदू, दुसरं काय असणार? पण बोलायची सोय नव्हती. कळलं असतं तर उचलून फाटकावर बसवलं असतं, आणि तिथे करायचं काय, माश्या मारायच्या? बायकोलाही त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

परीक्षेच्या सकाळी जीवशास्त्राच्या मॅडम आल्या. "मामा, हायड्रा आहेत ना?"

"आहेत की! चांगले सात-आठ." मामाने बरणीला टिचकी मारली. त्याला वाटलं, आखडले. वाटून घेतलं म्हणा.

मॅडमनी भिंग लावलं आणि बरणी उजेडाकडे फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "मामा, ही मुळं आहेत. वर तरंगणाऱ्या पानांची."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "मला दिसत नाही, मॅडम. मोतीबिंदू. वर्ष झालं."

"धन्य आहे तुमची! मग ऑपरेशन का नाही केलंत?"

"भीती वाटते हो. आहे तेवढंही गेलं तर?"

परीक्षेला अर्धा तास उरला होता. मॅडमनी बाह्या सरसावल्या. "सांगा, कुठे बघू?"

मामा स्टुलावर बसून सांगत गेला. "बुडालेलं पान उलटं करा. नाही? देठापाशी बघा. घाई नको, पाणी स्थिर होऊ द्या, म्हणजे तो लांब होईल."

"एक दिसतोय, पण हलत नाही."

"सुईने जरा डिवचा त्याला."

"आखडला! अहो मामा, अंगाला कळी आहे, पिल्लू फुटतंय! या, बघा."

"मला नका दाखवू," मामा म्हणाला. "पोरांना बोलवा."

पोरं आली. एकेक जण सूक्ष्मदर्शकावर वाकून "ए, हलला!" करू लागला. मामा लांबूनच विचारत होता, "आता लांब झाला का? तोंडाभोवतीची शुंडकं किती?" कोणी सहा म्हणालं, कोणी सात. मामा दोघांनाही "बरोबर" म्हणाला.

मॅडम त्याच्याजवळ आल्या. "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर."

"आणि मग फाटकावर?"

"फाटकावर हायड्रा मिळतात का? उगाच काहीतरी!"

मामा हसायला गेला, आणि भर प्रयोगशाळेत, सगळ्या पोरांसमोर, त्याला रडू फुटलं.