मास्तरीण टाकीवरून उतरेना

गेल्या रविवारी सकाळी मी एक गंजका डबा भंगारात दिला. माझा गुन्हा एवढाच.

चिन्मय, मिहिका, तुमचे आबा फोनवर ही गोष्ट वेगळी सांगतील. त्यांच्या गोष्टीत मी म्हणजे झाडू आणि फिनेल घेऊन गच्चीवर चढलेलं एक संकट आहे. म्हणून म्हटलं, आपणच आधी लिहून काढावं; मुद्देसूद आणि घडलं त्याच क्रमाने.

आपल्या धामणकर नाक्यामागच्या घराच्या गच्चीवर आबांची ढाबळ आहे, म्हणजे कबुतरांची ती लाकडाची आणि जाळीची खोली. तुम्ही आलात तेव्हा पाहिलीत. (मिहिका, तू आत डोकावून नाक दाबलंस, तेव्हाच मला खात्री पटली की ही माझीच नात.) आबा मूळचे अंजूरचे. पोरवयात खाडीकाठच्या शेतावरून कबुतरं उडवायचे. त्या शेतावर आता गोदामं उभी आहेत, पण कबुतरं आबांबरोबर लग्नाच्या सामानासारखी भिवंडीत आली. तेव्हापासून मी त्या ढाबळीशी लढते आहे. आधीच आपल्या गल्लीत लूमचं तूस उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतं. त्यात वरून पिसं! मला तिथे सोलरचा बंब बसवायचा आहे. जागा मोजून ठेवलेली आहे.

शेवटी दिवाळीत आम्ही करार केला. तोंडी नाही. तोंडी करार झाला की आबांना ऐकू यायचं बंद होतं. मी तो टाइप केला, दोन प्रती काढल्या आणि फाइलला लावल्या. यंदाच्या धुळे ते भिवंडी शर्यतीत आबांचं एक तरी कबुतर पहिल्या तिनांत आलं, तर ढाबळ राहील. नाही आलं, तर ढाबळ जाईल. एकूण पाच कलमं. (पाचवं मी अगदी शेवटी, आबांचा चेहरा बघून घातलं. त्याच्याकडे नंतर येऊ.)

साक्षीदार म्हणून इस्माईलभाईंनी सही केली. हे आबांचे कबुतरमित्र, शर्यतींच्या क्लबातले. शेजारच्या कारखान्यात चाळीस वर्षं लूम चालवली, आता दिवसभर आभाळाकडे बघतात.

"भाभी," सही करता करता ते म्हणाले, "ये ढाबळ गई तो समझो क्लब गया. नऊ मेंबर राहिलेत. सगळ्यात छोटा एकोणसाठचा. त्याला आम्ही पोरगा म्हणतो!"

"मग नवीन माणसं घ्या ना!"

"कोण येतंय? आजकल के बच्चों को पाच घंटे आसमान बघायला सांगा. पाच मिनिटांत मान मोडते."

चिन्मय, मागे तू फोनवर आबांना म्हणाला होतास, "आबा, पक्षी धुळ्याहून घरी येतो, हे ठीक आहे. पण कशासाठी?" आबांनी तुला हसून उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ गच्चीवर जाऊन बसले होते. मी पाहिलं होतं. पण सोलरची जागाही मोजलेली होती!

तर रविवार. आबांची सगळी भिस्त एका राखाडी मादीवर होती. तिचं नाव मास्तरीण. (मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं. नाव कोणावरून ठेवलं, हे मी विचारलेलं नाही.) ती छाती काढून चालते, इतर कबुतरांना रांगेत उभं करते आणि कोणाचंही ऐकून घेत नाही. आदल्या दिवशी क्लबचा टेम्पो सगळ्यांची कबुतरं धुळ्याला घेऊन गेला. प्रत्येकाच्या पायात रबरी कडं, कड्याच्या आतल्या बाजूला गुप्त नंबर. कबुतर घरी आलं की पकडायचं, कडं काढायचं, नंबर क्लबच्या ग्रुपवर टाकायचा. तो मेसेज पडला ती वेळ खरी. कबुतर नुसतं डोक्यावर घिरट्या घालत राहिलं, तर ते क्लबच्या लेखी अजून धुळ्यातच!

साडेसहाला कबुतरं सुटल्याचा फोन आला. साडेदहाच्या आत कोणी पोचणार नव्हतं. मास्तरीण जिंकणार अशी हवा असल्यामुळे क्लबचे अध्यक्ष खास आपल्याकडे बघायला येणार होते. त्यांना आणायला आबा आणि इस्माईलभाई रिक्षाने अंजूरला गेले.

इथे तुम्ही मला समजून घ्या. अध्यक्ष घरी येणार! गच्चीवर! आणि त्या ढाबळीच्या दाराला पडदा म्हणून आबांची हिरवी फाटकी लुंगी! आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की मी नळाच्या तोट्यासुद्धा घासते. मी यमुनाला हाक मारली. यमुना म्हणजे दिघाशीहून आपल्याकडे कामाला येते ती.

"आजी, आज नको," यमुना म्हणाली. "आबांनी सांगलंय, कशालाच हात लावू नका."

"हात कुठे लावतोय? नुसतं आवरतोय."

दोन तासांत आम्ही ढाबळीचं रूप पालटलं. फिनेलने फरशी तीनदा पुसली. लुंगी बादलीत भिजत घातली आणि तिथे फुलाफुलांचा पडदा लावला. (तुमच्या आईच्या जुन्या खोलीतला. छान दिसत होता!) बाजरीच्या एका गंजक्या, पोचे पडलेल्या डब्याकडे बघून तर मला शिसारी आली. बाजरी हवाबंद प्लास्टिकच्या बरणीत भरली, बरणीवर लेबल लावलं, आणि डबा खालून चाललेल्या भंगारवाल्याला देऊन टाकला.

"आता कसं शाळेसारखं वाटतंय!" मी म्हटलं.

"हाय खरं," यमुना म्हणाली. "पण कबुतरांना शाला आवरते का?" (तिच्या बोलीत 'आवरते' म्हणजे आवडते.)

रिक्षा वाटेत अडकल्यामुळे मंडळी दहा पन्नासला वर आली. आबांनी ढाबळीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण बोलायला वेळच मिळाला नाही, कारण इस्माईलभाई ओरडले, "आली! वो देखो! मशिदीच्या मागून!"

आणि खरंच, पोरांनो, आभाळात एक ठिपका! ठिपक्याचे पंख झाले, पंखांची मास्तरीण झाली! दहा वाजून बावन्न मिनिटं. अध्यक्षांनी फोन बघितला आणि टुणकन उडी मारली. (वय शहात्तर.) "ग्रुपवर अजून कोणाचाच मेसेज नाही! पहिली! तुमची पहिली!"

माझ्याही घशातून काहीतरी आवाज आला. तो आनंदाचा होता, असं यमुना नंतर म्हणाली. मी नाकारलं.

मास्तरीण खाली आली. ढाबळीवर एक फेरी मारली. दुसरी मारली. पडद्यावरची फुलं बघितली आणि थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली.

"चुकलं वाटतं तिला घर," अध्यक्ष म्हणाले.

"घर नाही चुकलं," आबा दात आवळून म्हणाले. "घरच गायब झालंय! अगं, डबा दे लवकर, डबा!"

मी अदबीने बरणी दिली. आबांनी बरणीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"माझा डबा कुठाय?"

"अहो, त्यात एकही कोपरा धड नव्हता."

"त्या डब्यात बाजरी वाजली की ती उतरते! पिल्लू असल्यापासून तोच आवाज! त्या आवाजाशिवाय ती बापाच्या हाकेलाही यायची न्हाय!" (आबा अंजूरच्या भाषेत गेले की समजावं, प्रकरण गंभीर आहे.)

त्यांनी बरणी हलवली. फुस्, फुस् असा आवाज आला. मास्तरणीने चोचीने पंख साफ केले.

"डबा कोणाला दिला, भाभी?"

"भंगारवाल्याला. नाक्याकडे गेला."

मी धावले, पोरांनो. एकाहत्तराव्या वर्षी, इस्त्रीच्या साडीत! मागून यमुना, "आजी, चप्पल! आजी, चप्पल तरी घाला!" नाक्यावर शेअर रिक्षांच्या गर्दीत तो मला दिसला. त्याची हातगाडी पत्र्याच्या डब्यांनी शिगोशीग भरलेली!

"मेरा डब्बा!" मी म्हटलं. माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे.

"कौनसा, अम्मा? यहाँ तो सब डब्बे ही डब्बे हैं."

मी एकेक डबा उचलून कानाशी हलवायला लागले. रिक्षावाले उतरून बघायला लागले. एकाने यमुनाला हळूच विचारलं, "आजींना बरं हाय ना?"

"बरं हाय," यमुना म्हणाली. "एक कबुतर रुसलंय, म्हणून आलोय."

डबा शेवटी सापडला तो माझ्यामुळेच. त्याच्या बुडाला, गंजाखाली, माझ्याच अक्षरातलं जुनं लेबल होतं: 'बाजरी. कबुतरांची. स्वयंपाकघरात आणू नये.' भंगारवाल्यालाही आता राहवेना. "चलो अम्मा, मैं भी देखता हूँ," म्हणून गाडी तिथेच सोडून तो आमच्यामागून आला.

गच्चीवर परतले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. कारखान्यात शिफ्ट बदलली होती आणि घरी जायचं सोडून कामगार कठड्यांवर उभे होते. प्रत्येकजण तज्ज्ञ!

"परदा हटाओ, चाचा!"

"काकी, बाजूला व्हा, ती तुम्हाला घाबरतेय!"

ग्रुपवर पहिला मेसेज पडला. अध्यक्षांनी पडेल आवाजात सांगितलं, "पडघ्याचं कबुतर आलं." थोड्या वेळाने दुसरा. आबा टाकीकडे बघत उभे होते, आणि डब्यात भरायला घेतलेली बाजरी त्यांच्या पायांवर सांडत होती.

ती सांडलेली बाजरी बघितली आणि मला सोलरचा विसर पडला.

"यमुना, पडदा काढ! लुंगी आण!"

"आजी, ती वली हाय!"

"ओलीच लाव!"

लुंगी लागली, ठिबकत. मी डब्यात बाजरी ओतली आणि वाजवला. खडक्, खडक्! मास्तरणीने मान तिरकी केली. मी आणखी जोरात वाजवला. "आ! आ! आ!" हा आवाज माझा होता. इतकी वर्षं त्या पक्ष्यांना मी फक्त 'हूश्' म्हटलं आहे! पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिसऱ्या कबुतराचा मेसेज पडला. कोणीतरी ओरडलं, "चाची, नाचो थोडा!" आणि मी नाचले की नाही याबद्दल साक्षीदारांत मतभेद आहेत. (व्हिडिओ आहे. बघू नका.)

आणि ती उडाली! सरळ खाली आली, फळीवर नाही, ढाबळीत नाही, तर माझ्या हातातल्या डब्याच्या काठावर येऊन बसली!

"धर!" आबा कुजबुजले. "धर गं तिला!"

"मी?"

"मग काय अध्यक्ष?"

मी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा कबुतर हातात धरलं. इतकं हलकं! आणि तळहाताखाली तिचं काळीज शेजारच्या लूमसारखं खडखड चाललेलं. चारशेपेक्षा जास्त घरांच्या गच्च्या ओलांडल्या असतील तिने नुसत्या भिवंडीतच. धुळ्यापासूनच्या तर कोण मोजणार? आणि यायचं कुठे, तर या फाटक्या लुंगीत. चिन्मय, कशासाठी, ते मला त्या क्षणी बरोबर कळलं होतं. आता लिहायला बसले तर सांगता येत नाही.

आबांनी कडं काढलं. त्यांना चष्मा सापडेना, म्हणून नंबर मीच वाचला, हजेरी घ्यायच्या आवाजात. सगळ्या गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. वेळ अकरा सदतीस.

आम्ही चौथे आलो.

गर्दी पांगली. आबांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि ढाबळीच्या दाराशी बसले.

"काय करताय?"

"कागद म्हणजे कागद. पहिल्या तिनांत नाही आली."

त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, हेच सहन होईना. मी खाली गेले, फाइल आणली आणि सर्वांसमोर पाचवं कलम वाचलं: 'शर्यतीच्या दिवशी कोणत्याही पक्षाने ढाबळीत ढवळाढवळ केल्यास निकाल रद्द समजावा, आणि दोषी पक्षाने पुढील शर्यतीपर्यंत ढाबळीची रोजची सर्व कामे स्वतः करावीत.' आबा काहीतरी लबाडी करतील, म्हणून मी ते घातलं होतं.

"दोषी पक्ष मी," मी म्हटलं. "निकाल रद्द. ढाबळ राहील."

आबांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर पडला. इस्माईलभाईंनी मात्र डोळे पुसता पुसता अध्यक्षांना खूण केली. "साहेब, रोज ढाबळ सांभाळणार म्हणजे मेंबर पाहिजे ना? रूल है."

अध्यक्षांच्या खिशात फॉर्म होता. घडी पिवळी पडलेली; किती वर्षं बाळगला होता कोण जाणे. मी तो सुवाच्य अक्षरात भरला. "नवीन रक्त!" अध्यक्ष आनंदाने ओरडले. "छंदाला भविष्य आहे!"

तर पोरांनो, कळवायला आनंद वाटतो की भिवंडीतल्या कबुतरांच्या शर्यतींचं भविष्य सध्या एकाहत्तर वर्षांचं आहे. त्याचे गुडघे दुखतात, क्लबात वयाने ते खालून चौथं लागतं, आणि रोज सकाळी सहाला ते हिरव्या लुंगीखालून वाकून ढाबळ झाडतं. फिनेलशिवाय! डब्यावर मी नवीन लेबल लावलं आहे: 'घासू नये.' ते आबांसाठी नाही, माझ्यासाठी आहे.