दोन बोटं, पण कोणाची?

“सर नाहीत का?”

ओंकारशेठनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांची पिवळी स्पोर्ट्स कार लिफ्टवर होती आणि मी तिच्या पोटाखाली टॉर्च घेऊन उभी होते. सर नाहीत, असं दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा म्हटलं, “सर घरी कुकर लावतायत. सस्पेन्शन मीच बघते.”

चाकणला शॉकॲब्सॉर्बर बनवणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली. मग व्हीआरएस घेतली आणि मोशीला हे वर्कशॉप टाकलं. गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे बघतं. मागे कंप्रेसर आहे. आता सवय झालीय.

गाडीचं दुखणं मात्र बघताक्षणी कळलं. कुणीतरी ग्राइंडर लावून चारही स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी उडवली होती.

“हा पराक्रम कोणाचा?”

“मित्राच्या गॅरेजचा. अर्ध्या तासात करून दिलं, मॅडम.”

“ते दिसतंच आहे.”

साधी गोष्ट आहे. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगला उड्या मारू देत नाही. आणि चाक फारच वर आलं, तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून एक रबराचा ठोकळा असतो, त्याला बम्प स्टॉप म्हणतात. त्याचं काम कधीमधी पडावं. इथे स्प्रिंग कापल्यामुळे गाडी जवळजवळ त्या ठोकळ्यावरच बसली होती. म्हणजे ओंकारशेठ पिवळ्या रंगाची बैलगाडी चालवत होते, आणि तीही स्पोर्ट मोडवर.

“मग आजवर कोणी तक्रार नाही केली?” मी विचारलं.

शेठनी गॉगल काढला. तिशीतला पोरगा, कुरुळीचा. घरची जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेली, त्यातून ही गाडी आली. त्यांच्या घरात रीत अशी, की नवी गाडी आली की थोरल्या माणसाला पुढच्या सीटवर बसवून निमगावच्या खंडोबाला न्यायची. मगच ती घरची. त्याप्रमाणे वडलांना, म्हणजे आण्णांना, बसवून शेठ निघाले. तिसऱ्या स्पीडब्रेकरला आण्णा म्हणाले, “थांबव.” कंबर धरून उतरले, हात दाखवून रिक्षा थांबवली आणि घरी गेले. समोर चहाच्या टपरीवर निम्मी भावकी बसली होती.

“चिडले?”

“चिडले असते तर बरं झालं असतं. काहीच बोलत नाहीत, मॅडम. रविवारी त्यांना परत नेणार आहे. या वेळेला उतरले तर ही गाडी विकूनच टाकतो. ज्याच्या जिवावर घेतली तो माणूसच बसत नसेल, तर काय करायची?”

“मग सोपं आहे,” मी म्हटलं. “कंपनीची मूळ उंची परत देते. आण्णा आरामात बसतील.”

“छे छे! खालीच पाहिजे. दोन बोटं!”

दोन बोटं म्हणजे टायर आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यातली फट. कंपनीत आम्ही मिलिमीटरच्या दशांशावरून मीटिंगा घ्यायचो, चहाचे तीन-तीन राउंड व्हायचे. इकडे सगळा व्यवहार बोटांवर. चार बोटं म्हणजे म्हातारी गाडी, दोन बोटं म्हणजे रीलला चालणारी गाडी. गाडी लिफ्टवरून खाली घेतली, तशी शेठनी फोनवर वाढलेली आपली दोन नाजूक बोटं त्या फटीत घालून दाखवली. मी टेप लावली. तेहतीस मिलिमीटर. गाडी जेवढी खाली, तेवढी चाकाला वर यायची जागा कमी. तेहतीसला ती जागा नावापुरतीच उरत होती.

“उद्या आण्णांना घेऊन या,” मी म्हटलं.

“त्यांना कशाला? त्यांना गाडीतलं काय कळतंय?”

“कंबर त्यांची आहे.”

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. रिक्षाने. धोतर, टोपी, हात फावड्यासारखे. त्यांनी माझ्या मागे बघितलं नाही.

“मिस्त्री तुमीच का, ताई?”

“हो.”

“बरं झालं. मालकासंगं बोलून कंबर बरी हुत न्हाई.”

मी विचारलं, नेमकं कसं दुखतं? त्यांनी थोडा विचार केला. “खड्ड्याचं काय न्हाई. ट्रॅक्टरवर जल्म गेला आमचा. पन ह्यात आदी खड्डा येतो, आन् मग खालनं कुनी लाथ घातल्यावानी ठोका येतो. त्यो ठोका वंगाळ हाय.”

बम्प स्टॉप लागतोय, हे सांगायला आमचे साहेब लोक बारा स्लाइड घ्यायचे, आणि तरी शेवटी ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ म्हणायचे.

“ठोका घालवते,” मी म्हटलं. “पण गाडी थोडी वर घ्यावी लागेल. शेठ तयार नाहीत.”

“आण्णा, दोन बोटं ठरलीत,” शेठ म्हणाले. “सगळ्यांना सांगून बसलोय मी.”

“कुनाची?” आण्णांनी विचारलं.

“काय कुणाची?”

“बोटं रं!” म्हाताऱ्याने उठून आपली दोन बोटं फटीवर धरली. “जमीन माज्या नावाची हुती. बोटं बी माजीच धरा.”

टेप लावली. त्यांची बोटं भरली पंचेचाळीस मिलिमीटर. देवाशपथ, मी मनात धरलेला आकडा चव्वेचाळीस होता. शेठनी एकदा स्वतःची बोटं बघितली, एकदा बापाची, आणि गॉगल घातला. करार झाला.

मग खरं काम. भोसरीत स्प्रिंगा नव्या वळवून घेतल्या. आखूड स्प्रिंग थोडी कडक लागते, नाहीतर चाक वर जाऊन आपटतं. फार कडक केली की परत कंबर. तो मधला आकडा शोधण्यातच आमच्या धंद्याची भाकरी आहे. शॉकॲब्सॉर्बर आखूड बसवले, आतले व्हॉल्व्ह नव्या स्प्रिंगांना जुळवून घेतले. बम्प स्टॉप मऊ टाकले. शेठनी टायरमध्ये कुठल्याशा व्हिडिओत बघून हवा ठासली होती, ती सोडली. निम्मा आराम तर त्या फुकटच्या हवेतच होता.

शनिवारी मी गाडी आळंदी रस्त्याला फिरवून आणली. आपल्याकडे स्पीडब्रेकरला ड्रॉइंग नसतं. ज्याच्या दारात तो, त्याच्या रागाएवढी उंची. एकावर पोट घासेल असं वाटलं. तिरकी घालून काढली. ठोका मात्र एकदाही आला नाही.

शेठ गाडी न्यायला आले, वाकून फट बघितली. “तीन बोटं दिसतायत, मॅडम.”

“दोनच आहेत. घरी जाऊन विचारा.”

रविवारी दुपारी फोन आला. आवाज एकदम बारीक. उतरले वाटतं म्हातारबाबा!

“मॅडम, आण्णा झोपले.”

“कुठे?”

“गाडीत. दर्शन झालं, भंडारा लागला. येताना चाकणच्या अलीकडेच डोळा लागला त्यांचा. आता आमच्या दारात उभी आहे गाडी. अर्धा तास झाला.”

“मग उठवा की!”

“नको हो! किती दिवसांनी असे झोपलेत. एसी चालू ठेवलाय. भावकी जमलीय सगळी, एकेकाला सांगतोय, जवळ येऊ नका, दाराला हात लावू नका.”

“आणि तुम्ही?”

“मी बाहेर. उन्हात. दाराचा आवाज होईल म्हणून आत बसत नाही.” मग दुखऱ्या आवाजात, “पण मॅडम, एवढा खास एक्झॉस्ट बसवलाय. सगळं गाव जागं होतं. आणि हे झोपले?”

मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, डोळेही भरले. कंपनीत राइड क्वालिटीला दहापैकी मार्क द्यायचा फॉर्म असायचा. मोठे साहेब सात देत, मग आम्ही सगळे सात देत असू. गाडीत झोप लागली का, हा रकाना त्यात नव्हता. लागली असती तर मेमो मिळाला असता.

हल्ली गाडी खाली करायला कोणी आलं, की मी आधी विचारते, शेजारी कोण बसणार? टेप त्यानंतर काढते.